विद्यापीठ घरी आलं, पण...

बालमित्रांनो, विद्यापीठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दगडी इमारत, भलंमोठं ग्रंथालय, झाडाखाली गप्पा मारणारी ताई-दादा मंडळी. आज एका अशा मुलाची हकिगत सांगतो, ज्याचं विद्यापीठ त्याच्या घरापासून हजारो मैल दूर होतं.

मुलाचं नाव बत्तुशिग म्यांगानबायर. (एका दमात म्हणता आलं तर शाबास!) गाव उलानबातर, म्हणजे मंगोलियाची राजधानी. हिवाळ्यात तिथं पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. २०१२ साली हा पठ्ठ्या पंधरा वर्षांचा होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामवंत संस्थेनं सर्किट आणि इलेक्ट्रॉनिक्स हा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला केला. शिकवणाऱ्यांत प्रमुख होते अनंत अगरवाल, मूळचे आपल्या भारतातले. ना प्रवेशपरीक्षा, ना वयाची अट! दीड लाखाहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. पैकीच्या पैकी गुण मिळाले ३४० जणांना, आणि त्यांत आपला बत्तुशिग होता. पुढं एम.आय.टी.नं त्याला रीतसर प्रवेशही दिला.

"मग कॉलेजात जायचंच कशाला?" तुम्ही म्हणाल. जरा थांबा हं. त्या दीड लाखांपैकी पहिला स्वाध्याय सोडवायला बसले तेच मुळी सव्वीस हजारांच्या आसपास. शेवटी पास झाले सुमारे सात हजार, म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. नाव घालणं सोपं असतं हो. अडलं की शेजारी विचारायला कुणी नसतं, तिथं खरी पंचाईत होते.

बत्तुशिग हुशार होताच, पण तो एकटा नव्हता. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.त शिकलेले. त्यांनी अमेरिकेतून ओळखीच्या एका तरुणाला बोलावलं आणि मुलांच्या हाती खऱ्या तारा, खरी यंत्रं दिली. व्याख्यान पडद्यावर, प्रयोग वर्गात! बत्तुशिगनं आणखी एक छान गोष्ट केली. इंग्रजीतलं अवघड प्रकरण सोबत्यांना कळावं म्हणून त्यानं मंगोलियन भाषेत समजावून सांगणाऱ्या फिती तयार केल्या. आणि हो, त्याची धाकटी बहीण जिथं खेळायची, तिथंच गॅरेजमधून मोटारी बाहेर पडायच्या. मोटार येतेय हे आधीच कळावं म्हणून त्यानं भोंगा वाजवणारं यंत्र बनवलं.

इंग्लंडातल्या मुक्त विद्यापीठाला ही हाताची गोष्ट फार आधी कळली होती. १९७१पासून त्यांचे धडे बी.बी.सी.वर लागत. पण विज्ञान नुसतं बघून येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेटी जाई. तिच्यात चिमुकला सूक्ष्मदर्शकसुद्धा असे! आपल्याकडे १९८४पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम लागत. आई-बाबांना विचारा, त्यांना आठवत असतील. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं.

आता तर २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'वर कितीतरी अभ्यासक्रम आहेत. २०२१च्या नियमांप्रमाणे कॉलेजनं मान्य केलं, तर एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचं श्रेय तिथून मिळवता येतं. गडचिरोलीतल्या मुलीला आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचं व्याख्यान घरी ऐकता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण पालकहो, २०२०मध्ये एका मोबाईलवर दोन भावंडांची शाळा भरवताना काय तारांबळ उडाली होती, ते तुम्ही विसरला नसाल. मला विचाराल तर व्याख्यानं खुशाल घरी येऊ देत; त्यामुळे वाचलेला वेळ कॉलेजांनी प्रयोगशाळेला आणि प्रश्नोत्तरांना द्यावा. "व्याख्यान आहे ना इंटरनेटवर, मग शिक्षक कमी करू" असं कुणी म्हणालं, तर मात्र माझा कडाडून विरोध!

तुमच्या घरी, शेजारी कुणी मावशी किंवा काका नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठात शिकतात का? असतील तर या रविवारी त्यांना गाठा. अडलं की कुणाला विचारता, अभ्यासकेंद्रावर जाता तेव्हा काय करता, ते विचारा आणि मला पोस्टकार्डावर कळवा. अक्षर मात्र सुवाच्य हवं, बरं का!