शेजारचा एसी आणि तिसऱ्या पाळीची झोप

उन्हाळा लागला की झोप न येण्याच्या तक्रारी वाढतात, हा आम्हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव. कारण विचारले की पूर्वी उकाडा, डास आणि गेलेली वीज ही तीन उत्तरे ठरलेली असत. गेल्या काही वर्षांत त्यांत चौथ्याची भर पडली आहे. रुग्ण आधी इकडेतिकडे बघतो, मग जरा ओशाळून सांगतो, "शेजारच्यांनी एसी बसवलाय." शेजाऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन डॉक्टरकडे कसे जायचे, असे त्याला वाटत असते. घरचेही म्हणतात, रस्त्यावरून एवढे ट्रक जातात ते चालतात आणि एसीच तेवढा ऐकू येतो का? माझे मत असे की ही तक्रार दवाखान्यातच सांगण्यासारखी आहे, आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात तर तिच्याकडे अधिक गंभीरपणे पाहिले पाहिजे.

येथील घरांची रचना आधी लक्षात घेऊ. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाच्या पेठांत, तसेच यमुनानगर, शाहूनगर, इंद्रायणीनगर अशा वसाहतींत एकाला एक लागून घरे उभी राहिली. दोन कुटुंबांत मिळून एकच भिंत. ही घरे पंख्याच्या जमान्यातली. पुढे वर मजले चढले, मागच्या मोकळ्या जागेवर पत्रा आला आणि आता त्याच अरुंद जागेत भिंतीला ब्रॅकेट ठोकून एसीचे आऊटडोअर युनिट टांगले जाते. शेजाऱ्याची खिडकी तेथून हातभर अंतरावर असते. मोशी, चिखली, चाकणच्या नव्या इमारतींत दोन फ्लॅटच्या मधल्या डक्टमध्ये अशी चार-चार, सहा-सहा युनिटे लागलेली दिसतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. डक्टमध्ये तो उतरत नाही, चारही भिंतींवर आपटून वर चढतो.

आता माणसे पाहू. माझ्याकडे औषधाला येणारी दोन घरे भिंतीला भिंत लावून आहेत. एका घरातला कर्ता चाकणच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जातो. सकाळी आठच्या सुमारास घरी येतो, चहा-नाश्ता करतो आणि दुपारी दोनपर्यंत झोपायचा प्रयत्न करतो. त्याचा रक्तदाब गोळ्या चालू असूनही वर राहू लागला, म्हणून मी खोलात शिरलो. सुट्टीला जुन्नरकडे गावी गेला की तो आठ तास गाढ झोपतो. येथे मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी उशापाशी "धडक्" आवाज होऊन घरघर सुरू होते, थोड्या वेळाने थांबते, पुन्हा सुरू होते. "डॉक्टर, सुरू झाला की त्रास आणि बंद झाला की तो पुन्हा कधी सुरू होईल याची वाट बघण्याचा त्रास," असे तो म्हणाला.

ज्याच्या एसीबद्दल ही तक्रार होती तोही रात्रपाळीचाच कामगार. वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये सकाळी दहापासून स्लॅब तापतो आणि पंख्यातून भट्टीची हवा येते. कर्ज काढून त्याने एसी घेतला तो चैनीसाठी नव्हे, दिवसा झोप लागावी म्हणून. म्हणजे एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन थकलेली माणसे, आणि एकाच्या झोपेचे यंत्र दुसऱ्याची झोप उडवते आहे. एसीवाला म्हणजे पैशाचा माज आलेला माणूस, असे धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. एसी बंद करा असे सांगणे हा या प्रश्नाचा इलाज नाही.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज आला की मेंदू त्याची दखल घेतो. पूर्ण जाग आली नाही तरी झोप गाढ अवस्थेतून वर येते, नाडी काही क्षण जलद होते, रक्तदाब किंचित चढतो. सकाळी विचारले तर माणूस सांगतो, मी सहा तास झोपलो. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. "सवय होते हो" असे लोक म्हणतात ते अर्धेच खरे आहे. मनाला सवय होते, हृदय आणि रक्तवाहिन्या मात्र पूर्णपणे सरावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा असे सुचवले आहे, आणि आवाज खर्जातला असेल तर त्याहूनही कमी असावा असे म्हटले आहे.

हा खर्जाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या कॉम्प्रेसरच्या मोटारीची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते. असा जाड आवाज भिंत सहज अडवत नाही. उलट ब्रॅकेट भिंतीला घट्ट आवळलेले असले की भिंतच थरथरते आणि शेजारच्या खोलीत आवाज हवेतून न येता विटांमधून येतो. खिडकी लावून, पडदे जाड करून काही फरक पडत नाही तो यामुळेच. शिवाय आवाज मोजण्याचे नेहमीचे यंत्र माणसाच्या कानाच्या धर्तीवर खर्जाला कमी लेखते. १०० हर्ट्झच्या आवाजातून ते सुमारे १९ डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. म्हणून मोबाईलवरचा आकडा पाहून "एवढाच तर आवाज आहे" असे कोणी म्हणाले, तरी झोपणाऱ्याला होणारा त्रास खोटा ठरत नाही.

दिवसा झोपणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. शरीराचे घड्याळ सूर्याबरोबर चालते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप मुळातच रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तासांनी कमी आणि उथळ असते. त्याच उथळ झोपेवर आवाजाचा घाव पडतो. पुढे हाच माणूस रात्री प्रेसवर हात घालतो, फोर्कलिफ्ट चालवतो आणि पहाटे डोळे चोळत नाशिक महामार्गावरून किंवा तळेगाव-चाकण रस्त्याने दुचाकीवर घरी येतो. त्याची झोप हा त्याच्या घरापुरता प्रश्न राहत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र. मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज असेल तर तक्रार करता येते. एसीच्या निर्मितीसाठीही जुनी मर्यादा आहे. एक ते दीड टनाच्या विंडो एसीचा आवाज ६८ डेसिबलच्या आत आणण्यासाठी कारखानदारांना ३१ डिसेंबर १९९३ ही मुदत दिलेली होती. मोजण्याची जागा निराळी असते हे मान्य, तरी ६८ आणि ४५ यांत २३ डेसिबलचे अंतर आहे, आणि दर १० डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शांततेत जगणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर सविस्तर निकाल दिला. या लढाया मुख्यतः लाऊडस्पीकर, मंडप, फटाके, हॉर्न यांच्या. घरगुती एसी त्यांत कोठे बसत नाही.

आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे. कायद्याची रात्र दहा ते सहा. ज्या गावात हजारो माणसे त्याच आठ तासांत यंत्रापुढे उभी असतात, त्या गावात हे घड्याळ अपुरे पडते. तिसऱ्या पाळीवाल्याची रात्र सकाळी नऊ ते दुपारी तीन. त्या वेळेत त्याला ५५ डेसिबलचे संरक्षण पुरेसे मानायचे, आणि झोप झाली नाही तर त्याने गोळी घ्यायची. कारखाने बस देतात, कँटीन देतात, सेफ्टी शूज देतात, पण कामगार कोठे आणि कसा झोपतो याची विचारपूस फारशी होत नाही. नियम दिल्लीत बदलायला वेळ लागेल. सोसायट्यांना मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. शेजाऱ्याला उपद्रव होईल असे वर्तन सभासदाने करू नये, अशी तरतूद सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहेच. आऊटडोअर युनिट कोठे बसवायचे, ब्रॅकेटखाली काय घालायचे, हे वार्षिक सभेत ठरवून घेतले तर पुढची भांडणे टळतात. रो हाऊसवाल्यांना सोसायटी नसते, त्यांना बोलूनच मार्ग काढावा लागतो.

त्या दोन घरांत काय झाले ते सांगतो. दोघांना एका रविवारी एकत्र बसवले आणि एसी मेकॅनिकला बोलावले. त्याने युनिटवर हात ठेवला तर ते दाताच्या मशीनसारखे थरथरत होते. एका बाजूचा नट गंजून ढिला झालेला, पंख्याचे एक पाते कडेला तुटलेले आणि जाळीत दोन उन्हाळ्यांची धूळ. कॉइल धुळीने बंद झाली की कॉम्प्रेसर जास्त वेळ, जास्त जोराने चालतो. सर्व्हिसिंग झाले, पाते बदलले, युनिटच्या चारही पायांखाली जाड रबरी पॅड बसवले. तांब्याचा पाईप भिंतीला जेथे टेकत होता तेथे रबराचा तुकडा घातला. एसीचे पाणी शेजारच्या पत्र्यावर टपटप पडत होते, त्याला नळी लावून ते नहाणीत सोडले. एवढ्याने निम्म्याहून अधिक त्रास गेला. उरलेला गेला तो महिनाभराने, युनिट सामाईक भिंतीवरून काढून गच्चीवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले तेव्हा. जादा पाईपचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. ज्याला त्रास होतो त्यानेच पैसे का द्यावेत, असा प्रश्न यावर कोणी विचारील. तत्त्वाने तो बरोबर आहे, परंतु पोलीस चौकीच्या फेऱ्यांपेक्षा आणि रक्तदाबाच्या वाढीव गोळ्यांपेक्षा हे स्वस्त पडले, असे खुद्द त्या रुग्णाचेच म्हणणे आहे.

आवाजाभोवती चारही बाजूंनी पत्र्याचा किंवा प्लायवूडचा डबा करण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. युनिटला गरम हवा बाहेर टाकायला वाट लागते. ती कोंडली की यंत्र अधिक ओढते आणि आवाज वाढतो. नवा एसी घ्यायचा असेल तर इन्व्हर्टरचा घ्यावा. त्याचा कॉम्प्रेसर धाडकन चालू-बंद न होता संथ गतीने चालत राहतो. तापमान २४ ते २६ वर ठेवून जोडीला पंखा लावावा. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना २४ वरच येतात, ते १८ वर नेण्याची घाई आपण करतो.

शेजाऱ्याकडे बोलायला जाताना रात्री दोन वाजता दार ठोठावू नये. दिवसा, शक्यतो दोघांची सुट्टी असताना जावे. "तुमचा एसी बंद करा" असे न म्हणता "काका, पाच मिनिटं आमच्या खोलीत येऊन ऐकता का" असे म्हणावे. पुष्कळदा यंत्राच्या मालकाला आवाज ठाऊकच नसतो, कारण त्याच्या खोलीत फक्त गारवा असतो.

शेजाऱ्याने ऐकेपर्यंत स्वतः करण्यासारखे थोडे आहे. पलंग सामाईक भिंतीपासून निदान वीतभर दूर ओढावा, उसे विरुद्ध बाजूला करावे. पंखा वेगात ठेवला तर त्याच्या एकसुरी आवाजात चालू-बंदचा धक्का काहीसा बुजतो. कानात कापूस घालून फारसे साधत नाही. फोमचे बोळे बरे, पण खर्जाची घरघर तेही पूर्ण थांबवत नाहीत. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेणे हा मार्ग तर नकोच. रात्रपाळीवाल्यांनी त्या विशेषतः टाळाव्यात, गुंगी कामावर उतरते.

आणि एसी बंद असतानाही झोप येत नसेल, घरचे म्हणत असतील की तुम्ही जोराने घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर डोळे मिटत असतील, तर कारण भिंतीपलीकडे शोधू नका, तपासून घ्या. येताना आठवडाभराची वही आणावी: किती वाजता पडलो, कधी जाग आली, त्या वेळी शेजारचा एसी चालू होता की बंद.