सणासुदीत शांततेचा जागर

नाताळचा हंगाम आला की युरोप-अमेरिकेतील शहरांचे चौक रोषणाईने झगमगू लागतात. नाताळचे बाजार भरतात, खरेदीची झुंबड उडते आणि माणसे घराच्या ओढीने गावोगाव निघतात. याच चौकांच्या एखाद्या कोपऱ्यात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, दहा-पंधरा माणसे हाती फलक किंवा मेणबत्त्या घेऊन तासभर मूकपणे उभी असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेले आक्रमण आणि ऑक्टोबर २०२३ पासूनचे गाझातील युद्ध यांमुळे अशा साप्ताहिक जागरांना पुन्हा निमित्त मिळाले. वर्षभर नेटाने चालणाऱ्या या उपक्रमापुढे डिसेंबरात मात्र दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. सुट्टीचे दोन-तीन आठवडे थांबायचे, की चारच माणसे उरली तरी उभे राहायचे?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण तसा तो नाही. मोठ्या मोर्चाचे बळ संख्येत असते, तर साप्ताहिक जागराचे बळ पुनरावृत्तीत. मोर्चा एकदा निघतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत विरून जातो. जागराला बातमीत सहसा जागा मिळत नाही. पण रोज त्या वाटेने जाणाऱ्याला तो दिसतो आणि हळूहळू त्याच्या सवयीचा भाग होतो. जेरुसलेममधील ‘विमेन इन ब्लॅक’ या गटाच्या इस्रायली स्त्रिया पहिला इंतिफादा सुरू झाल्यानंतर जानेवारी १९८८ पासून काळ्या वेशात दर शुक्रवारी दुपारी १ ते २ या वेळेत पॅरिस चौकात उभ्या राहू लागल्या. पॅलेस्टिनी प्रदेशांवरील ताबा संपवा, एवढीच त्यांची मागणी होती. शुक्रवारची दुपार म्हणजे शब्बाथपूर्वीच्या धावपळीची वेळ. शहर घाईत असतानाच त्याच्या नजरेस पडायचे, हे या वेळेमुळे साधले. १९९३ च्या ओस्लो करारानंतर आता गरज उरली नाही अशा समजुतीने इस्रायलमधील यातली बहुतेक ठिकाणे ओस पडली. २००० मध्ये दुसरा इंतिफादा पेटला तेव्हा ती पुन्हा उभी करावी लागली.

लाइपझिगचे दोन खंड

खंड पडल्याने नेमके काय होते, याचा उत्तम दाखला पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहरात सापडतो. तेथील निकोलाय चर्चमध्ये सप्टेंबर १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी ५ वाजता शांतता-प्रार्थना होत असे. अनेक सोमवारी तिला मूठभरच माणसे असत. १९८९ च्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे ती काही आठवडे बंद राहिली आणि ४ सप्टेंबरला पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी शहरात व्यापारी जत्रा भरलेली होती आणि त्यासाठी पाश्चात्त्य पत्रकारही आले होते. प्रार्थना संपल्यावर चर्चबाहेर फलक उघडले गेले, साध्या वेशातील सुरक्षा सेवकांनी ते कॅमेऱ्यांसमोरच हिसकावले आणि ‘सोमवारची निदर्शने’ जन्माला आली. पाच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली.

हा पहिला खंड बाधक ठरला नाही, कारण परतण्याचा दिवस, वेळ आणि दार सर्वांना ठाऊक होते. दुसरा खंड वेगळा. १८ डिसेंबर १९८९ रोजी लाइपझिगकरांनी मेणबत्त्या घेऊन मूक फेरी काढली आणि नाताळसाठी निदर्शने थांबवली. ८ जानेवारी १९९० ला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोकशाही सुधारणांच्या मागणीची जागा जर्मन एकीकरणाच्या घोषणेने व्यापली होती. हा बदल केवळ सुट्टीमुळे झाला असे म्हणणे धाडसाचे होईल; तो नोव्हेंबरपासूनच सुरू होता. परंतु आंदोलन ऐन भरात असताना घेतलेली विश्रांती तटस्थ नसते, हे त्यातून दिसते. ज्यांनी वर्षानुवर्षे सोमवार जपला, त्या प्रवाहातून पुढे आलेल्या ‘बुंडनिस ९०’ आघाडीला १८ मार्च १९९० च्या निवडणुकीत अवघी २.९ टक्के मते मिळाली.

उत्सवाच्या गजरातला गुरुवार

सत्ताच दडपशाही करीत असेल तेव्हा सणाचा काळ अधिक धोक्याचा ठरतो. ब्युनोस आयर्समध्ये ३० एप्रिल १९७७ रोजी १४ माता आपल्या बेपत्ता मुलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. पोलिसांनी एका जागी थांबण्यास मनाई केली, म्हणून त्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. पुढे त्यांचा वार गुरुवार ठरला. त्याच वर्षी ८ ते १० डिसेंबर या तीन दिवसांत या मातांच्या संघटनेच्या तीन आघाडीच्या सदस्या पळवून नेण्यात आल्या. त्यांत अझुसेना व्हिल्याफ्लोर यांचाही समावेश होता. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन आणि नाताळ दोन आठवड्यांवर. माता घाबरून घरी बसतील हा लष्करी राजवटीचा अंदाज चुकला. त्या पुन्हा चौकात आल्या.

पुढच्या वर्षी अर्जेंटिनात विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भरली. १ जून १९७८ या उद्घाटनाच्या दिवशी वार गुरुवारच होता. सारा देश मैदानाकडे डोळे लावून बसला असताना माता चौकात होत्या आणि डच दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी त्यांची कैफियत कॅमेऱ्यात टिपली. ती युरोपभर पाहिली गेली. उत्सव आहे म्हणून त्या दिवशी चौक रिकामा ठेवला असता, तर कॅमेऱ्यांना दाखवायला काही उरलेच नसते.

आकड्यांमागचे सत्य

सातत्याचा अर्थ एकही आठवडा न चुकणे असा मात्र घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठी सेऊलमधील जपानी दूतावासासमोर ८ जानेवारी १९९२ रोजी बुधवारची निदर्शने सुरू झाली. १ हजारावे निदर्शन १४ डिसेंबर २०११ रोजी झाले. दोन्ही तारखांमधले बुधवार मोजले तर ते १,०४१ भरतात. म्हणजे जगभर अखंडतेचे उदाहरण म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या उपक्रमातही ४१ बुधवार गळालेले आहेत. १९९५ च्या जानेवारीत कोबे येथे भूकंप झाला तेव्हा निदर्शन स्थगित ठेवले गेले. २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील भूकंप व त्सुनामीनंतर त्याला श्रद्धांजलीचे रूप देण्यात आले. ज्या देशाविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच देशाच्या दुःखात सामील होण्यासाठी केलेल्या या बदलाने उपक्रमाची नैतिक उंची वाढलीच.

त्याची दुसरी बाजूही सेऊलनेच दाखवली. २०२० च्या उन्हाळ्यात विरोधी गटाने तीच जागा पोलिसांकडे आधी नोंदवून टाकली आणि निदर्शकांना नेहमीच्या ठिकाणापासून बाजूला सरकावे लागले. सार्वजनिक चौकावर कोणाची मालकी नसते; तिथला हक्क केवळ वहिवाटीने मिळतो. वहिवाट मोडली की जागा दुसऱ्याची होते.

तेव्हा सुट्टीच्या हंगामातील प्रश्नाचे उत्तर ‘थांबा’ किंवा ‘थांबू नका’ एवढे सोपे नाही. रूप बदलता येते, वेळ आटोपशीर करता येते, पाळीपाळीने दोघा-तिघांनी उभे राहता येते. घरी पाहुणे असलेल्याला अपराधी वाटू न देता त्याची पाळी दुसऱ्याला देता येते. वर्षभर राबलेली माणसे थकून कायमची गळण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. थांबायचेच असेल तर परतण्याची तारीख आधी जाहीर करता येते. ‘नवीन वर्षात पाहू’ असे म्हणून उठणे मात्र घातक. तारखेविना घेतलेली रजा बहुधा निवृत्तीच ठरते.

आपल्याकडचा हंगाम

महाराष्ट्रात हाच प्रश्न उलट्या दिशेने येतो. पश्चिमेत सण म्हणजे जागराला ओहोटी; आपल्याकडे मिरवणुकांचे दिवस म्हणजे शांततेच्या राखणदारांची कसोटी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ मध्ये मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. वस्तीतले हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि तिथला पोलीस यांना नियमित एकत्र बसवणे, इतकाच तो होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने अशा समित्या उभ्या राहिल्या.

अलीकडची तीन वर्षे याच कसोटीची होती. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आले. २०२४ आणि २०२५ मध्ये दोहोंत एका दिवसाचेच अंतर होते. तिन्ही वर्षी मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक पुढे ढकलली आणि विसर्जन सुरळीत पार पडले. अशी समजूत एका बैठकीत तयार होत नाही. एरवीच्या आठवड्यांतील भेटीगाठी तिच्यामागे असतात.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे हे दोन सण सुमारे महिनाभराने दुरावतात. पोलिसांचा ताण त्यामुळे हलका होईल. शांतता समित्यांची खरी परीक्षा मात्र अशाच वर्षी असते. संकट समोर दिसत असताना माणसे बैठकीला येतात. ते टळल्यावर खुर्च्या रिकाम्या राहू लागतात आणि ओस्लोनंतर जेरुसलेमच्या चौकांचे झाले तेच वस्तीच्या समितीचे होते. चंद्राचे गणित आज ना उद्या दोन्ही मिरवणुका पुन्हा एका रस्त्यावर आणून सोडणारच आहे. त्या दिवशी एकमेकांचा दूरध्वनी क्रमांक शोधत बसण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तरी बिनगर्दीच्या वर्षातल्या बैठका चुकवून चालणार नाही.