‘बायानिहान’ आणि सक्तीची सेवा

शेजाऱ्याचे घर हलवायचे असेल, तर गावकऱ्यांनी ते बांबूच्या खांबांवर पेलून खांद्यावरून वाहून न्यायचे, ही फिलिपिन्समधील जुनी रीत. ‘बायानिहान’ ती हीच. तेथे विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा विषय निघाला की हमखास तिचा दाखला दिला जातो.

पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन सत्रे बंधनकारक असलेल्या राष्ट्रीय सेवा प्रशिक्षणाचा उगम मात्र एका हत्येत आहे. सांतो तोमास विद्यापीठातील मार्क वेल्सन चुआ याने विद्यार्थी लष्करी प्रशिक्षणातील भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला. मार्च २००१ मध्ये त्याचा मृतदेह पासिग नदीत सापडला. जनक्षोभानंतर २००२ च्या कायद्याने लष्करी प्रशिक्षण ऐच्छिक झाले. साक्षरता व नागरी कल्याण हे पर्याय मिळाले.

‘उतांग ना लोओब’ म्हणजे उपकाराचे ऋण, ‘पाकिकिसामा’ म्हणजे समूहाशी जुळवून घेणे. गावात हे संस्कार माणसे जोडतात; कवायतीच्या मैदानावर तेच वरिष्ठांच्या गैरकारभारावर पांघरूण घालू शकतात. चुआने जुळवून घेतले नाही, एवढाच त्याचा ‘गुन्हा’.

अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांनी जुलै २०२२ मध्ये हे प्रशिक्षण पुन्हा सक्तीचे करण्याचा आग्रह धरला. आपत्तीसज्जता हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. ते गैर नाही. वादळे तेथे दरवर्षीची. परंतु एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाकाळात, केसोन सिटीतील एका रस्त्यावर धान्य-भाजीची गाडी उभी राहिली आणि काही दिवसांतच देशभर तशा गाड्या लागल्या, त्या कोणाच्या हुकुमावाचून. या मूळ गाडीवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला आणि सुरक्षेच्या भीतीने ती एक दिवस बंद ठेवावी लागली.