एरर न देणारी चूक

संख्याशास्त्रीय विश्लेषणातल्या चुका दोन जातीच्या असतात. काहींमुळे प्रोग्रॅम थांबतो, काहींमुळे थांबत नाही. पहिल्या जातीत पडद्यावर लाल अक्षरांत संदेश येतो आणि काम अडते. पण चुकीचा निष्कर्ष बाहेर पडत नाही, कारण निष्कर्षच निघालेला नसतो. दुसऱ्या जातीत सगळे सुरळीत चालते. तक्ता तयार होतो, आलेख निघतो, आकडा प्रबंधात जातो आणि तिथून धोरणाच्या टिपणात. आर आणि पायथन ही मुक्तस्रोत साधने वापरणाऱ्यांचा बहुतेक वेळ पहिल्या जातीच्या चुका निस्तरण्यात जातो. काळजी दुसऱ्या जातीची करायला हवी.

प्रोग्रॅम थांबवणाऱ्या चुकांबद्दल एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते की संदेश जिथे बोट दाखवतो तिथेच दोष असेल असे नाही. आरमध्ये डीप्लायर पॅकेज लोड न करता ‘फिल्टर’ वापरले, तर अमुक नावाचा स्तंभ सापडत नाही, असा संदेश येतो. नवखा विश्लेषक फाइल उघडून पाहतो, तर स्तंभ समोरच असतो. आरच्या मूळ संचात ‘फिल्टर’ याच नावाचे, कालश्रेणीसाठीचे दुसरे फंक्शन आहे आणि हाक त्याला गेलेली असते. याच नामसाधर्म्यातून गप्प बसणारी चूकही निपजते. प्लायर हे जुने पॅकेज डीप्लायरनंतर लोड झाले की ‘समराइज’ची हाक त्याच्याकडे जाते. ते गटवारी जुमानत नाही आणि जिल्हावार सरासऱ्यांऐवजी सगळ्या राज्याची एकच ओळ हाती येते. लोड होताना पॅकेज तशी सूचना देते, पण ती फारसे कोणी वाचत नाही. फंक्शनच्या आधी पॅकेजचे नाव लिहिण्याची सवय लावली की दोन्ही प्रश्न मिटतात.

गप्प चुकांची सुरुवात बहुधा फाइल वाचण्यापासूनच होते. हेक्टरी उत्पादनाच्या एका स्तंभात पाचशे आकडे आहेत आणि एका कप्प्यात कोणीतरी ‘नोंद नाही’ असे लिहून ठेवले आहे, असे समजा. तेवढ्या एका कप्प्यापायी सगळा स्तंभ मजकूर ठरतो. २०२० पूर्वीचा आर असा स्तंभ आपसूक ‘फॅक्टर’ करून टाकत असे. त्याचे पुन्हा आकड्यांत रूपांतर केले की मूळ किमतींऐवजी त्यांचे अनुक्रमांक मिळत, तेही अक्षरानुक्रमे लावलेले. १०, २० आणि ५ या तीन किमतींचे १, २ आणि ३ होत. सरासरी निघे, प्रमाण विचलन निघे, रिग्रेशनही चाले. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीने हे मूळ वर्तन बदलले. आता तो स्तंभ मजकूरच राहतो, आकड्यांत रूपांतर करताना ‘नोंद नाही’च्या जागी रिकामी किंमत येते आणि वॉर्निंग मिळते. गप्प बसणाऱ्या चुकीला बोलते करणारा हा बदल आरच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत उपकारक बदल म्हणावा लागेल.

मराठीत भरलेल्या डेटाची दुखणी आणखी वेगळी आहेत. विंडोजवरचा आर ४.२.० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, यूटीएफ-८ ही मूळ संकेतप्रणाली धरत नव्हता. देवनागरी शीर्षकांच्या जागी कोनी कंसांतले सांकेतिक क्रमांक दिसत. नव्या आवृत्तीने तो त्रास गेला. देवनागरी अंकांचा प्रश्न उरलाच आहे. ‘१२३’ असे लिहिलेले आर संख्या मानत नाही. पायथनची पूर्णांकात बदलणारी आज्ञा मात्र तेच अंक निमूटपणे स्वीकारते. एकाच फाइलवर दोघांनी दोन साधनांत काम केले आणि नोंदींची संख्या जुळली नाही, तर हे कारण आधी तपासावे. नावांचे प्रकरण याहून चिवट. ‘कऱ्हाड’ हे तालुक्याचे नाव संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेले असू शकते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, दोन फायली जोडताना मात्र ती तीन वेगळी गावे ठरतात. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात; आरमध्ये त्यासाठी स्ट्रिंगआय हे पॅकेज आहे. अदृश्य जोडचिन्ह प्रमाणीकरणाने जात नाही, ते हाताने काढून तिथल्या ‘र’चा ‘ऱ’ करावा लागतो. नावांऐवजी जनगणनेचे संकेतांक वापरून फायली जोडल्या तर हा ताप होत नाही.

संकेतांक जुळले म्हणजे काम झाले, असेही नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, तर २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३६. दोन्ही फायली जिल्ह्यावरून जोडल्या की पालघरची ओळ एक तर गळते, नाही तर तिथे रिकाम्या किमती येतात. ते निदान दिसते तरी. ठाण्याचे काय? ठाणे दोन्हीकडे आहे, ते बिनबोभाट जुळते. पण २०११ चे ठाणे म्हणजे जव्हार-मोखाड्यापासून मुंब्र्यापर्यंतचा अखंड मुलूख आणि २०१९ चे ठाणे म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. आदिवासी लोकसंख्येचे जुने प्रमाण नव्या ठाण्याच्या आरोग्यनिर्देशकांसमोर ठेवले, तर निघणारा संबंध ज्या प्रदेशाचा असेल तो प्रदेशच अस्तित्वात नाही. यावर कोणतेही सॉफ्टवेअर एरर देणार नाही. हे भूगोल ठाऊक असलेल्या माणसानेच पाहायचे असते.

हेच सर्वेक्षण जरा जवळून पाहण्याजोगे आहे, कारण पदव्युत्तर प्रबंधांत त्याचा वापर भरपूर होतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे आणि ७,२४,११५ स्त्रिया आहेत. स्त्रियांच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिनचा स्तंभ दशांशचिन्हाशिवाय असतो, म्हणजे ११२ हा आकडा ११.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर असा वाचायचा. त्याच स्तंभात ९९४, ९९५ आणि ९९६ हे संकेतांकही असतात: स्त्री हजर नव्हती, तिने नकार दिला, अन्य कारण. ते न वगळता दहाने भागले की काही स्त्रियांचे हिमोग्लोबिन ९९ च्या पुढे जाते. सरासरी फुगते, हे लगेच ध्यानात येऊ शकते. पण बहुतेकांना सरासरी नको असते, रक्तक्षयाचे प्रमाण हवे असते. १२ पेक्षा कमी ते रक्तक्षयी अशी अट लावली की तपासणीच न झालेल्या या स्त्रिया निरोगींमध्ये मोजल्या जातात आणि प्रमाण खाली येते. त्यातच गर्भवतींसाठी मर्यादा ११ आहे हे विसरले, तर प्रमाण किंचित वर जाते. दोन चुका एकमेकींना अंशतः झाकतात आणि उत्तर पटण्याजोगे दिसू लागते.

यानंतर भाराचा प्रश्न येतो. प्रत्येक नोंदीचा भार दहा लाखांनी गुणून साठवलेला असतो. टक्केवारी काढताना तो भागला काय किंवा न भागला काय, उत्तर तेच येते. म्हणून पुष्कळजण भागाकार विसरतात आणि त्यांचे काही बिघडतही नाही. लॉजिस्टिक रिग्रेशनला आले की बिघडते. आरचे साधे जीएलएम फंक्शन या भाराला निरीक्षणांची संख्या समजते. न भागलेला भार दिला तर प्रमाण त्रुटी हजारपटीने आक्रसतात आणि मॉडेलमधला जवळजवळ प्रत्येक घटक ‘अत्यंत लक्षणीय’ ठरतो. यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की न भागलेले भार पूर्णांक असल्यामुळे आर काहीच बोलत नाही. भार नीट भागून दिले तरच अपूर्णांकांबद्दल वॉर्निंग येते. वॉर्निंग आली म्हणजे चूक झाली आणि नाही आली म्हणजे ठीक, असा हिशेब करणारा इथे नेमका उलट्या बाजूला जातो.

भागलेला भारही साध्या जीएलएमला पुरेसा नाही, कारण एका गावातल्या, एका वस्तीतल्या स्त्रिया परस्परांसारख्या असतात आणि नमुना तशा समूहांतूनच निवडलेला असतो. त्यासाठी थॉमस लम्ली यांचे सर्व्हे पॅकेज आहे. ते स्तर, समूह आणि भार तिन्ही विचारात घेते. त्यात हमखास भेटणारी एरर म्हणजे ‘या स्तरात एकच प्राथमिक घटक आहे’. एक पर्याय बदलला की ती गप्प होते आणि इंटरनेटवरचा बहुतेक सल्लाही तेवढाच असतो. पण ती बहुधा एका वेगळ्याच गोष्टीची खूण असते: विश्लेषकाने आधी डेटातून हवा तो गट, समजा फक्त विधवा स्त्रिया, कापून घेतला आणि मग नमुन्याची रचना सांगितली. क्रम उलटा हवा. रचना संपूर्ण फाइलवर सांगावी आणि मग त्या रचनेतून गट वेगळा करावा. तसे केल्यावरही एरर उरली, तरच पर्यायाला हात लावावा.

दोन साधनांची उत्तरे जुळत नाहीत, ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा दोन्ही साधने आपापल्या जागी बरोबर असतात. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आकड्यांचे प्रमाण विचलन नमपाय २ सांगते, कारण ते एकूण संख्येने भागते. पांडाज आणि आर एक वजा करून भागतात, म्हणून सुमारे २.१४ सांगतात. १ ते १० या आकड्यांचा पहिला चतुर्थक आरमध्ये ३.२५ येतो, तर एसपीएसएसमध्ये २.७५. चतुर्थकाच्या नऊ व्याख्या प्रचलित आहेत, त्या नऊही आरमध्ये आहेत आणि हवी ती क्रमांकाने मागता येते. सायकिट-लर्नचे लॉजिस्टिक रिग्रेशन न सांगता सहगुणकांना शून्याकडे ओढणारा दंड लावते. भाकितासाठी ते योग्य असेल, पण ऑड्स रेशो छापायचा असेल तर तो दंड काढूनच टाकावा. प्रसरण विश्लेषणात आर पदे एकामागून एक विचारात घेतो. गटांचे आकार असमान असतील तर पदांचा क्रम बदलल्यावर पी-मूल्यही बदलते. प्रबंधात नुसते ‘आर वापरून विश्लेषण केले’ असे लिहिणे म्हणूनच अपुरे आहे.

आवृत्तीचेही तसेच. ३.६.० या आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये, आरने यादृच्छिक नमुना काढण्याची मूळ पद्धत सुधारली, कारण जुनीत किंचित कल होता. बीज तेच ठेवले तरी आधीचा आणि नंतरचा आर वेगळे नमुने देतात. संगणकप्रणालीही फरक पाडते. २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये प्रसिद्ध झालेल्या, रेणूंची रचना ओळखण्याच्या एका पद्धतीसोबत पायथनच्या स्क्रिप्ट दिल्या होत्या. फायली ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने त्या वाचल्या जात, आणि तो क्रम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर वेगळा निघू शकतो. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवून देईपर्यंत त्या स्क्रिप्ट अनेक शोधनिबंधांत वापरल्या गेल्या होत्या. फायलींची यादी आधी क्रमाने लावणारी एक ओळ एवढाच त्यावर उपाय होता. कोड उघडा नसता तर तो दोष सापडणे दुरापास्त होते. पण उघडा असूनही पाच वर्षे गेली, हेही तितकेच खरे.

दोषाचा शोध घ्यायचा तो आकुंचित करत. सात लाख ओळींवर जे बिघडते ते दहा ओळींवर बिघडते का, हे पाहावे. दहा ओळींचा डेटा स्वतः बनवावा, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असते आणि खासगी माहितीही बाहेर जात नाही. कोड अर्धा-अर्धा करत न्यावा. पुष्कळदा मदत मागण्याची वेळ येण्याआधीच दोष उघडा पडतो. नाही पडला, तर तेच छोटे उदाहरण, आवृत्त्यांची यादी आणि मिळालेला संदेश शब्दशः पॅकेजच्या देखभालकर्त्याला पाठवावा. हे काम करणारे बहुतेकजण विनावेतन करतात. ‘चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर त्यांना काहीच करता येत नाही. फायली जोडण्याच्या प्रत्येक पायरीनंतर ओळी मोजाव्यात. पॅकेजच्या आवृत्त्या आरएन्व्हसारख्या साधनाने गोठवून ठेवाव्यात.

आणि नवे काही काढण्यापूर्वी प्रसिद्ध आकडा पुन्हा काढून पाहावा. पाचव्या फेरीच्या अहवालात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण देशासाठी ५७.० टक्के आणि महाराष्ट्रासाठी ५४.२ टक्के आहे. विश्लेषकाचा आकडा तिथपर्यंत येत नसेल, तर छेदस्थानी कोण आहे, संकेतांक वगळले का, भार लावला का, हे त्याच क्रमाने तपासावे. मेळ बसेपर्यंत पुढचे कोष्टक करू नये. या मासिकासाठी सर्वेक्षणावर आधारित लेख पाठवणाऱ्यांनी कोडची फाइल, आवृत्त्यांची यादी आणि प्रसिद्ध अहवालातल्या किमान एका आकड्याशी घातलेला मेळ लेखासोबत जोडावा, ही विनंती.