फुकटचे रेशन आणि आपला ऊस



हल्ली गट ऑफिसात बसले की एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, सरकारनं रेशन फुकट केलं आणि माणसं आळशी झाली. भांगलणीला बाई मिळंना." बोलणारे आपलेच चांगले बागायतदार असतात. पण बागायतदाराने हिशेब करून बोलावे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य ठरले, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. दर होता तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये. एप्रिल २०२० ला कोरोनात त्यावर आणखी ५ किलो फुकट सुरू झाले. डिसेंबर २०२२ अखेर ते जादा धान्य बंद झाले आणि जानेवारी २०२३ पासून मूळचे ५ किलो मोफत झाले. म्हणजे पाच माणसांच्या घराचे वाचले किती? महिन्याला फार तर ७५ रुपये! एवढ्यावर कोणी घरी बसत नाही. शिवाय ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६५ ग्रॅम. तेल, डाळ, मीठ-मिरची विकतच.

खरी गोष्ट वेगळीच आहे. शिवारात शाळू होता तेव्हा सुगीची मजुरी धान्यातच मिळायची आणि मजुराच्या घरात कणगी भरायची. ऊस आला, शाळू गेला, मजुरी रोख झाली. आता तोही विकतच खातो आणि आपणही. पुन्हा, सरकारचा आधार आपल्याला नाही असे थोडेच आहे? एफ.आर.पी. कोण ठरवते? १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुखडी खाल्लेले सभासद अजून हयात आहेत. त्यांना विचारा, तेव्हा कोणी आळशी झाले होते का.

मला जास्त काळजी गाडीतळावरच्या टोळ्यांची वाटते. कार्ड गावाकडे, माणसे इथे पाच-सहा महिने कोपीत. कायद्याने आता कोणत्याही गावच्या दुकानात धान्य उचलता येते. थोडे इथे आणि उरलेले गावाकडच्या म्हाताऱ्यांना, असेही चालते. पण कोयता धरून घट्टे पडलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उठत नाही, आणि दुकानदार म्हणतो, "तुमचा माल माझ्याकडं आलाच नाही." मग मुकादमाकडून आणखी उचल, नाहीतर वाण्याकडे उधारी. ती उचल पुढच्या हंगामापर्यंत फिटत नाही.

माझी सूचना साधी आहे. टोळी उतरली की चिटबॉय कोयत्यांची नोंद करतोच. त्याच वहीत रेशन कार्डाचा नंबर घ्यावा. ती यादी कारखान्याच्या शिक्क्याने तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि जवळच्या दुकानदाराकडे पोचवावी, म्हणजे माल नाही ही सबब राहणार नाही. खर्च काही नाही, एक माणूस आठवडाभर लागेल. हंगामापूर्वीच्या गट सभांत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांना फुकटच्या रेशनची तक्रार करायची आहे त्यांनीही तिथे जरूर यावे.

— ऊस विकास अधिकारी