नक्कल करा, पण डोळे उघडे ठेवून

'कॉपी' हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या हॉलने कायमचा बदनाम करून टाकलाय. त्यामुळे तैलरंग हातात घेतलेला आयटीवाला पहिल्याच कॅनव्हासवर 'स्वतःचं काहीतरी' काढायला बसतो, आणि तिसऱ्या रविवारी रंगांचा डबा माळ्यावर जातो. माझं मत उलटं आहे. शिकायचं असेल तर आधी एका चांगल्या चित्राची नक्कल करा. अगदी इमानेइतबारे.

मी सध्या केळशीला घरी आलो की ग्युस्ताव मोरोच्या 'द अ‍ॅपरिशन'ची नक्कल करतोय. मोरो हा फ्रान्सचा सिम्बॉलिस्ट चित्रकार. गोष्ट बायबलमधली: राजापुढे नाचून सलोमी बक्षीस मागते, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर. चित्रात ते शिर हवेत तरंगतंय, भोवती प्रभावळ. आईचं म्हणणं, "मुंडकं कसलं रंगवतोस? त्यापेक्षा आपली महालक्ष्मी काढ की!" तिचंही चूक नाही म्हणा. :)

पण या चित्राने जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत नीट कळलं नव्हतं. ती प्रभावळ पिवळ्या रंगामुळे झळाळत नाही, भोवतीच्या काळोखामुळे झळाळते. आणि तो काळोख म्हणजे एक काळा हात फिरवलेला नाही, पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवावे लागतात. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलंत तर चित्राला पुढे तडे जातात. जवसाचं तेल (हो, चटणीवालाच जवस!) पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणजे घाई चालत नाही. एका वीकेंडला एक थर, पुढच्याला दुसरा. नोकरदार माणसाला याहून सोयीचं काय?

"पण यात आपली ओरिजिनॅलिटी मरते त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर खुद्द मोरोच. 1892 ते 1898 तो पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये शिकवत होता आणि विद्यार्थ्यांना लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला करायला पाठवायचा. त्या वर्गात मातीस होता, रुओ होता. दोघांपैकी कोणाचंही चित्र मोरोसारखं दिसत नाही.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? मुंबईच्या जे. जे.चे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्सबरोबर अजिंठ्याला जाऊन तिथल्या बौद्ध भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्याही तैलरंगात, कॅनव्हासवर! त्यातल्या बऱ्याच 1885 च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. पण हात तयार झाले ते झालेच. त्यातले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरातल्या माणसांच्या चित्रांसाठी ओळखले गेले.

अर्थात, नेटवरून कोड उचलून चिकटवणं आणि तो ओळ-ओळ वाचून पुन्हा लिहिणं यात फरक आहेच. पहिल्याने काम भागतं, दुसऱ्याने आपण शिकतो. नक्कल करतानाही प्रत्येक ठिकाणी 'हे असं का?' विचारायला हवं. नाहीतर नक्कल ही छान सुरक्षित जागा आहे, माणूस आयुष्यभर तिथेच बसू शकतो. आजकाल एक वाक्य टाइप केलं की कुठल्याही शैलीतलं चित्र मिनिटभरात समोर येतं. ते बघायला मजा येते, पण त्यातून आपला हात काहीच शिकत नाही.

थोडक्यात काय, तर दोन पथ्यं पाळा. मूळ मापात नक्कल करू नका (लूव्रमध्येही हाच नियम आहे), आणि खाली 'अमुकच्या चित्रावरून' असं स्पष्ट लिहा. मग ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि त्याच पद्धतीने आपल्याजवळचं काहीतरी रंगवा. अंधाऱ्या गाभाऱ्यातली समई, लोड शेडिंगमधला कंदील, काहीही.

बघा पटतंय का. माळ्यावरचा डबा तेवढा खाली काढा.