शाळेचं वय आणि भट्टीचा हंगाम

खारघर, कामोठे, नवीन पनवेलमध्ये मूल तीन वर्षांचं व्हायच्या आतच नर्सरीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. मग पालकांच्या गप्पांत फिनलंड निघतो. तिथलं मूल सातव्या वर्षी शाळेत जातं, तरी शिकण्यात मागे पडत नाही. इंग्लंडमध्ये मात्र पाचव्या वर्षीच दप्तर पाठीवर चढतं. तुलना खरी आहे, पण ही वयं मुलाच्या मनाचा विचार करून ठरलेली नाहीत. इंग्लंडने १८७० च्या कायद्यात पाचवं वर्ष धरलं त्यामागे एक हिशेब होता : लवकर शाळेत गेलेलं मूल लवकर सुटेल आणि कामाला लागेल. हजेरीची सक्ती देशभर १८८० मध्ये झाली, तीही दहाव्या वर्षापर्यंतच. अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस वर्ग, ही रीत मोडायला १९१८ चा कायदा लागला. फिनलंडने सक्ती आणली १९२१ मध्ये, ती सातव्या वर्षापासून. वस्ती विरळ, शाळा लांब, थंडी कडाक्याची. कोवळ्या पोराला एवढं चालवणार कसं? तिथे १९४८ पासून शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण मिळू लागलं.

आपल्याकडेही सक्तीच्या शिक्षणाची मागणी जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सबंध देशातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळायला २०१० उजाडलं.

तो हक्क पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाडीवर दिवाळीपर्यंतच टिकतो. एकेकाळी खैराचा कात पाडणारा हा समाज. जंगलं सरकारजमा झाली आणि तो मजुरीला लागला. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला दिवाळीनंतर सगळं कुटुंब वीटभट्टीवर जातं. मजुरी हजार विटांवर मिळते, म्हणून घरातला प्रत्येक हात मोजला जातो. बाप चिखल मळतो, आई साचा भरते, आठ वर्षांची पोर ओल्या विटा उन्हाला पलटते. तिचं वजन हलकं, तिच्या पायाखाली वीट दबत नाही. जूनमध्ये ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि पटावर नाव मात्र असतं.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवून दाखवल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. चूक वेळेत आहे. कुटुंबं निघून गेल्यावर शाळाबाह्य मुलं शोधत फिरण्यात काय अर्थ? नोंद व्हायला हवी ती उचल दिली जाते तेव्हा, गणपती ते दसरा या दिवसांत, वाडीवर जाऊन. कोणतं घर कुठल्या भट्टीवर जाणार, कोणती मुलं आजीपाशी किंवा वसतिगृहात राहू शकतील, कोणत्या भट्टीवर शिक्षक पाठवावा लागेल, ही यादी दिवाळीच्या सुट्टीआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर असली पाहिजे. आणि मुलं मागे ठेवायची तर त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसेही त्याच आठवड्यात पोचले पाहिजेत.